दोन वीत डावीकडे

२ फेब्रुवारी, सोमवार

पंप हाऊसमधून निवृत्त होताना तिथल्या कोऱ्या लॉगबुकांपैकी एक मी पिशवीत टाकून आणलं होतं. दीड वर्ष ते कपाटावर धूळ खात पडलं होतं. आज खाली काढलं, कारण या घरात जे चाललंय त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. बत्तीस वर्षं मी गावाला पाणी चढवणाऱ्या तीन पंपांशेजारी बसून दर तासाला दाब, पातळी आणि शेरा लिहीत आलो. शेऱ्यात बहुतेक वेळा 'सर्व ठीक' असायचं. आज तसं लिहिता येत नाही.

आज सकाळी बायकोने शेजारच्या कंडक्टरकडून एक आंधळी कोंबडी आणली.

कंडक्टर म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी. बसवर होता, आता माझ्यासारखाच घरी असतो. त्याच्या नऊ कोंबड्या. त्यातल्या या तांबड्या कोंबडीचा एक डोळा बाकीच्यांनी टोचून घालवला, दुसरा सुजून पांढरा झाला. तो तिला कापायला निघाला होता. ही भिंतीशी उभी होती, म्हणाली, द्या इकडे. मला विचारायला घरात आली तेव्हा कोंबडी आधीच काखेत होती. मी तळवा आडवा फिरवला. तिने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

पुढे कधी हे पान मी स्वतःच वाचलं तर समजावं म्हणून लिहून ठेवतो. तीन पंप एकदम चालू असले की शेजारच्या माणसाची बोंबही ऐकू येत नाही. आम्ही पंप हाऊसमधले सगळे हातांनी बोलायचो. एक बोट वर म्हणजे चहा. दोन बोटं म्हणजे जेवायला बसू. तळवा आडवा म्हणजे नको, अंगठा खांद्यावरून मागे म्हणजे बाहेर जाऊन येतो. ही सवय माझ्याबरोबर घरी आली. बायकोला सगळ्या खुणा पाठ आहेत आणि इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नाही. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही त्याचं श्रेय मी या पद्धतीला देतो.

आज पहिल्यांदा तिने एक खूण धुडकावली, तीही एका कोंबडीसाठी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोंबडीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. परत आल्यावर बायकोने मला सगळं सांगितलं, म्हणजे एवढं सलग ती माझ्याशी बऱ्याच दिवसांनी बोलली, आणि विषय कोण, तर कोंबडी. कोंबडी नीट जगू शकते म्हणे, फक्त तिचं जग जागेवरून हलता कामा नये. दाण्याची थाळी आणि पाण्याचं भांडं रोज त्याच जागी. पहिले काही दिवस चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवायची. पंखांखाली उवा झाल्यात का ते आठवड्याला बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात लावायच्या आधी बोलायचं.

दुपारभर ती परसात खपत होती. पाण्याच्या भांड्याखाली गोणपाटाचा तुकडा अंथरला, दाण्यांपुढे बारीक खडी पसरली. पायांना कळावं म्हणून. गेल्या महिन्यात या घरात माझी खुर्ची दोनदा हलली, तेव्हा माझ्या पायांचा विचार कुणाला सुचला नव्हता.

तिने कोंबडीचं नाव ठमी ठेवलंय. मी ते वापरणार नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी मोजलं. मापाशिवाय तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही.

सकाळी ७.१० ते ७.३५, खुराड्यापाशी, कोंबडीशी बोलणं. ९.०० ते ९.२०, भाजी निवडता निवडता, कोंबडी पायाशी. दुपारी ३.१५ ते ४.०५. संध्याकाळी तिला उचलून खुराड्यात ठेवताना आणखी पंधरा मिनिटं. एकूण एक तास पन्नास मिनिटं.

माझ्याशी चार वाक्यं. चहा झालाय. पंखा बंद करू का. दुधवाला येऊन गेला का. झोपा आता.

काय बोलते ते खिडकीत बसून ऐकलं. 'मी आले गं ठमे, तुझ्या डाव्या हाताला आहे' अशी सुरुवात. कोंबडीला हात कुठला आला, पण असो. मग काल पडलेलं स्वप्न, लहानपणी झाडावरून पडली होती ती गोष्ट, आणि मग गुडघा. जिना चढताना तिचा उजवा गुडघा दुखतो, दिवाळखोर झाल्यासारखा मधेच हात वर करतो म्हणे. कधीपासून, तर गेल्या वर्षापासून. बायकोचा गुडघा दुखतो हे मला आज कळलं, तेही कोंबडीमार्फत.

मला का सांगितलं नाही हे विचारायचं होतं. संध्याकाळी तिच्यासमोर बसून मी तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं साडीला काही लागलंय. तिने झटकलं आणि उठून गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. पहिला प्रश्न, ठमी कशी आहे. दुसरा प्रश्न, पाणी पिते का नीट. शेवटी फोन माझ्याकडे आला. मी 'हं' म्हणालो, 'ठीक' म्हणालो, परत दिला. बाप हयात आहे एवढी खात्री तिला पुरते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पेपर वाचत होतो. परसातून एका बाईच्या हसण्याचा आवाज आला. वाटलं कुणी पाहुणी आली असेल. उठून पाहिलं तर बायको. भिंतीपलीकडे कंडक्टर, अलीकडे ही, आणि मधे भिंतीवर कोपर टेकून कोंबड्यांच्या गप्पा. तो तिकिटं फाडायचा तेव्हापासूनच त्याची जीभ सैल, बसमध्ये चढलेल्या माणसाला उतरेपर्यंत सोडत नसे. पण तिचं हसणं मला ओळखू आलं नाही, याचा मला जास्त राग आला. कुणाचा राग ते लिहिता येत नाही.

कोंबडी मात्र कंडक्टरचा आवाज आल्याबरोबर खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. या एका बाबतीत तिची आणि माझी मतं जुळतात.

१ मार्च, रविवार

अंडं काढायला गेलो आणि हाताला चोच बसली. चांगलं रक्त आलं. बायको हळद घेऊन आली, मला वाटलं आता कोंबडीला बोलणी बसणार. तर मलाच म्हणाली, "अहो, बोलून जा ना तिच्याजवळ. अचानक अंगावर हात आला की कुणीही दचकेल."

मी तळवा उताणा केला. म्हणजे, काय बोलू?

"तिला तुमचे हात दिसत नाहीत," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली, आणि हळद लावताना माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या बोटाला लागलंय आणि कौतुक चाललंय टोचणारीचं.

९ मार्च, सोमवार

हे लिहावं की नाही यावर पूर्ण चहा संपला. लॉगबुकात खोटं लिहायचं नाही आणि खरं गाळायचं नाही हा नियम मीच नवीन पोरांना शिकवायचो, म्हणून लिहितो.

बायकोच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल आहे. चालताना एक पाय चट आणि दुसरा पट असा वाजतो. कोंबडी तो आवाज फाटकापासून ओळखते, मान लांब करून खडीवरून धावत येते. मी परसात गेलो तर मात्र दगड झाल्यासारखी उभी. महिनाभर मी हे बघतोय. आज बायको अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या चपला पायात घातल्या. टाचा बाहेर राहिल्या, पण चट पट नीट वाजत होतं.

कोंबडी आली. अक्षरशः पळत आली, माझ्या अंगठ्याशी थांबली आणि घशातल्या घशात काहीतरी बारीक पुटपुटायला लागली. इतक्या आनंदाने माझ्याकडे कोण कधी धावत आलं होतं ते आठवून पाहिलं. लेक चार वर्षांची असताना बहुतेक. मी तसाच उभा राहिलो. ती वाट बघत होती. आता काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. तिने मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. मग तिला कळलं. वळली आणि पाय उचलून उचलून परत गेली.

"साहेब, लहान पडतात हो तुम्हाला," भिंतीवरून आवाज आला. कंडक्टर दात घासत उभा होता.

दुपारपर्यंत ही बातमी बायकोला पोचली. दोघं भिंतीशी पोट धरून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दिवसभर कुणाला खूणसुद्धा केली नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळी ९.४० ला बायको बाजारात गेली. जाताना कोंबडीला सांगून गेली, मला नाही. दार ओढल्याचा आवाज आला म्हणून मला कळलं.

९.५५ ला मी परसात जाऊन पाण्याचं भांडं गोणपाटावरून उचललं आणि दोन वीत डावीकडे, उघड्या मातीवर ठेवलं.

का, ते लिहितो. ही कोंबडी कायम बरोबर असते, एकदा चुकावी असं मला वाटलं. आणि ती गोंधळली की मी तिला हाक मारीन, ती माझ्या आवाजावर पाण्यापर्यंत येईल आणि मग तिला माझा आवाजही माहीत होईल, असा माझा हिशोब होता. खुर्ची टाकून बसलो. ती गोणपाटावर आली, चोच खाली घातली, नुसतं गोणपाट लागलं. पुन्हा घातली. मी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते सुचेना. ऊन चढत होतं. सुचेपर्यंत थांबू म्हणून बसलो आणि खुर्चीतच डोळा लागला.

१.१० ला बायको परत आली. कोंबडी गोणपाटावर पसरली होती, चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले. गोणपाटाचे धागे तिने टोचून टोचून वर काढले होते. बायको पिशव्या टाकून धावली. चोच पाण्यात बुडवली, ओला हात पाठीवरून फिरवत बसली, सारखं बोलत होती. अर्ध्या तासाने कोंबडी उभी राहिली.

मग बायकोने भांड्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"सकाळी धुऊन मीच ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी नीट नव्हतं ठेवलं का हो?"

पंप हाऊसमध्ये आमच्याकडे चाळीस एक खुणा होत्या. 'हे मी केलं' याला एकही नव्हती. मी खांदे उडवले.

शेरा: पाण्याचं भांडं दोन वीत डावीकडे. हलवणारा मी.

२७ मार्च, शुक्रवार

बायकोने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. साखर, मीठ, चहा. दारामागे कागद लावलाय, त्यावर गॅस, नळ, कडी, ठमीचं पाणी. घराबाहेर पडताना एकेकावर बोट ठेवून बघते. आज गॅस बघायला तीनदा परत आली. पाण्याच्या भांड्याभोवती तर खडूने गोल आखलाय.

म्हणजे मला साखर आणि मीठ कळत नाही असं तिला वाटतं. कोंबडीसाठी गोणपाट, माझ्यासाठी चिठ्ठ्या. एकूण आमची पायरी आता एकच.

परवापासून ती परसातही कमी बोलते. कोंबडी पायाशी येऊन उभी राहते, ही नुसती बसलेली असते. मला याने बरं वाटायला हवं होतं.

१ एप्रिल, बुधवार

मेहुणीशी फोनवर तास गेला. बायकोची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात असते. घरात सात माणसं आणि सातही जण एकाच वेळी बोलतात. मी तिकडे गेलो की दोन दिवसांत डोकं धरून परत येतो.

मी आत गेलो तेव्हा बायको विचारत होती, "आईला कितव्या वर्षी सुरू झालं होतं गं?" मला पाहून आवाज खाली आणला. गुडघेदुखीच असणार, ती घराण्यातच आहे. माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय ते कळलं नाही. सोमवारी ती बहिणीकडे चालली आहे, तिथे मोठा दवाखाना आहे.

संध्याकाळी कोंबडीला खुराड्यात ठेवताना म्हणाली, "मला तिकडेच राहावं लागलं तर तुझं कसं व्हायचं गं?" माझं कसं व्हायचं हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नाही. मी खिडकीत शेवटपर्यंत थांबलो होतो.

६ एप्रिल, सोमवार

सकाळच्या बसने गेली. कोंबडीच्या सूचनांचा कागद देऊन गेली, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. शेवटचं वाक्य अधोरेखित: तिच्याशी बोला, नाहीतर ती खाणार नाही.

बसच्या खिडकीतून ती हात हलवत होती. मी पण हलवला. बस गेल्यावर लक्षात आलं की नीट जा, लवकर ये, यातलं काही मी म्हणालो नव्हतो. हात हलवला म्हणजे ते आलंच, असं मी आजपर्यंत धरून चाललो होतो.

७ एप्रिल, मंगळवार

कोंबडीने काही खाल्लं नाही. मी थाळी वाजवली. तिच्यासमोर उभं राहून, मूर्खासारखं, दोन बोटं वर केली.

पाणी मात्र चोच बुडवून पाजलं. ते मी चुकवणार नाही.

८ एप्रिल, बुधवार

पेपर वाचून दाखवला. पहिल्या पानावर दोन दाणे खाल्ले, मग थांबली. अग्रलेखाला पाठ फिरवून बसली. मग पंपाचं जुनं माहितीपुस्तक काढलं, तेही तिला चाललं नाही. कंडक्टर भिंतीवरून ऐकत होता. म्हणाला, मी येऊन बोलतो तिच्याशी, मला काय, दिवसभर बोलेन. आला. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, हे लिहायला हवं.

जाताना तो म्हणाला, "साहेब, तिला बातम्या नकोत. तुमचं स्वतःचं काहीतरी बोला."

माझं स्वतःचं असं काय आहे?

९ एप्रिल, गुरुवार

हे लॉगबुक आहे.

दुपारी खुराड्यापुढे पाट टाकून बसलो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. 'आज सकाळी बायकोने शेजारच्या कंडक्टरकडून एक आंधळी कोंबडी आणली.' आवाज आधी गंजलेल्या नळासारखा आला, नंतर सुटला. अकरा फेब्रुवारीच्या पानावर मला वाचता वाचता पुन्हा राग आला, आणि तेव्हा तिने मान वर केली. थाळीपाशी आली. मी तिच्याविरुद्धची एकेक तक्रार तिलाच वाचून दाखवत होतो आणि ती मन लावून खात होती. मी थांबलो की थांबायची.

बावीस मार्चचं पान आलं तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली. इतर काहीही तिला ऐकवेन, ते नाही.

१२ एप्रिल, रविवार

रोज दोनदा वाचतो. आता पाट टाकल्याचा आवाज आला की ठमी माझ्याकडे येते. हात लावायच्या आधी मी सांगतो, मी आलोय, डाव्या हाताला आहे. आज पंखांखाली पाहिलं, उवा नाहीत. तिने चोच मारली नाही.

बायकोचा फोन आला. ठमी खाते का? मी म्हणालो, हो. मग ती थांबली. ती फोन ठेवत नव्हती आणि बोलतही नव्हती. तुझ्याशिवाय घर खायला उठतं, एवढं म्हणायचं होतं. अकरा सेकंद गेले, मी घड्याळात मोजले. मग ती म्हणाली, "उद्या रिपोर्ट येणार आहे. ठेवते."

गुडघ्याचा रिपोर्ट यायला इतके दिवस कसे लागतात ते विचारायचं राहिलं.

१४ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी पाचला नेहमीप्रमाणे वाचायला बसलो. तिसरी फेरी. पाठ दाराकडे होती. चपलांचं पान वाचत होतो, टाचा बाहेर राहिल्या वगैरे, आणि ठमी पटापट दाणे टिपत होती. पान उलटलं तेव्हा त्यावर सावली पडली.

बायको मागे उभी होती. खांद्याला पिशवी, दोन्ही चपला हातात. आवाजाने ठमी खायची थांबू नये म्हणून फाटकातच काढल्या असणार. मी पुस्तक मिटायला लागलो.

"कधीपासून उभी आहेस?" मी विचारलं.

"गुडघ्यापासून."

म्हणजे पंचवीस मिनिटं. खिडकीत चोरून ऐकणं, तिचं हसणं न ओळखणं, सगळं तिने ऐकलं होतं. ठमीने चोच वर केली, आवाज का थांबला म्हणून इकडेतिकडे मान फिरवली.

"थांबू नका," बायको म्हणाली. "ती खातेय."

पुढचं पान बावीस मार्चचं होतं. दोन पानं एकदम उलटायची बोटांना आता सवय झाली होती. बोटं तशी गेलीही. पण कागद जाड लागला, आणि मी परत एकच पान घेतलं.

वाचलं. ९.४०, ९.५५, सगळं वाचलं. मधे एकदा अडलो, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शेरा वाचला. ठमी खातच होती.

मग ती म्हणाली, "शेवटचं परत वाचा."

"पाण्याचं भांडं दोन वीत डावीकडे. हलवणारा मी."

ती पायरीवर खाली बसली. पिशवी खांद्यावरच होती. "म्हणजे मी नाही हलवलं," ती म्हणाली. आधी हळू, मग पुन्हा जरा मोठ्याने. "मी नाही हलवलं."

मी मान हलवली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"दवाखान्यात त्यांनी मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करायला लावले. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी परत विचारले. सगळं बरोबर आलं हो. काल डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा. तरी मला पटेना. रात्रभर मनात एकच, मग भांडं कुणी हलवलं?"

तिची आई शेवटची सहा वर्षं आम्हाला कुणालाच ओळखत नव्हती. सुरुवात झाली ती वस्तू भलत्या जागी ठेवण्यापासून. हे मला माहीत होतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या, खडूचा गोल, 'आईला कितव्या वर्षी', हे सगळं मीच माझ्या हाताने याच पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि गेल्या सहा दिवसांत तीन वेळा मोठ्याने वाचलंय. मला फक्त गुडघा दिसत होता.

"तेवीस दिवस," ती म्हणाली. तिनेही मोजले होते. "तुम्ही समोर बसला होता. मी तुम्हालाच विचारलं होतं."

मग ती उठली, ठमीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अनवाणीच आत गेली. चपला पायरीवर राहिल्या. मी ठमीला उचलून खुराड्यात ठेवलं, कडी लावली, पाणी बदललं, भांडं खडूच्या गोलात ठेवलं. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही.

आतून खरवडल्याचा आवाज येत होता. ती दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी होती आणि चाकूच्या टोकाने डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढत होती. साखर निघाली होती, मीठ चाललं होतं. मी दारात उभा राहिलो. माझं एक बोट आपोआप वर गेलं. ते खाली घेतलं.

"मी आलोय," मी म्हणालो. "दारात आहे. तुझ्या डाव्या हाताला."

चाकू थांबला.

"मी मागे वळणार नाही," ती म्हणाली. "बोला."

बोलायला सुरुवात, ६.४०.